नोमचा घटसर्प आणि टपालाची कुत्री

1924 च्या उन्हाळ्यात अलास्कातल्या नोम गावच्या डॉ. कर्टिस वेल्च यांच्या लक्षात आलं, की कपाटातल्या घटसर्पाच्या प्रतिविषाची मुदत संपली आहे. साठा तसा किरकोळच होता, 8,000 युनिट. त्यांनी नवा मागवला. बोटी आल्या, माल उतरला, पण हे खोकं काही आलं नाही. शेवटची बोट परत गेली आणि मागे समुद्र गोठू लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत डॉक्टरांनी या गावात घटसर्पाचा खात्रीचा रुग्ण पाहिलेला नव्हता. त्यामुळे खोकं न आल्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नसावं.

पुढे जानेवारीत जे घडलं ते जगभर गाजलं. त्यातल्या एका कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे. मला मात्र या प्रकरणात पुतळ्यापेक्षा टपालखातं जास्त दिसतं. म्हणून ते जरा उलट्या बाजूने मांडतो.

गाव

नोम अलास्काच्या पश्चिम टोकाशी, बेरिंग समुद्राच्या काठावर आहे. 1900 च्या सुमारास किनाऱ्यावरच्या वाळूतच सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिथे तंबू ठोकून राहिली. सोनं आटलं तशी माणसंही पांगली. 1925 साली गावात सुमारे 1,400 लोक उरले होते आणि त्यांत साधारण एक तृतीयांश तिथले आदिवासी होते. दवाखाना एक, डॉक्टर एक, परिचारिका चार. बाहेरून गावात येणारा रस्ता तेव्हा नव्हता आणि आजही नाही. साधारण नोव्हेंबरपासून पुढचा उन्हाळा येईपर्यंत बंदर बर्फाने बंद. त्या सात-आठ महिन्यांत बाहेरच्या जगाशी नातं उरायचं ते दोन गोष्टींपुरतं: तार आणि कुत्र्यांची घसरगाडी.

घसरगाडी म्हटलं की आपल्यासमोर सहल किंवा शर्यत येते. तिथे ती बैलगाडी होती, एसटी होती आणि रुग्णवाहिकाही होती. जळणाचं लाकूड, खाणीची अवजारं, सापळ्यातली कातडी, बाळंतपणाला बोलावलेली बाई, प्रेत, न्यायाधीश, सगळं त्याच गाडीवरून जायचं. घोडा खोल बर्फात रुततो आणि त्याला गवत-दाणा लागतो, तो त्या मुलखात हिवाळ्यात आणायचा कुठून? कुत्रं मासे खातं आणि मासे नदीत असतात. साधं गणित आहे, पण सगळा उत्तरेकडचा हिवाळा त्यावर उभा होता.

घसा

डिसेंबरपासून गावात घसादुखीची मुलं येत होती. टॉन्सिल असतील असं वाटत होतं. काही मुलं दगावली तरी घटसर्पाची खात्री पटत नव्हती, कारण हा रोग एका घरात शिरला की भराभर पसरतो आणि इथे तसं दिसत नव्हतं. 20 जानेवारी 1925 ला तीन वर्षांच्या एका मुलाच्या घशात घटसर्पाचा राखाडी पापुद्रा स्पष्ट दिसला. दुसऱ्या दिवशी सात वर्षांच्या एका मुलीत तीच लक्षणं. तिला वेल्च यांनी मुदत संपलेलं प्रतिविषच टोचून पाहिलं. ती त्याच दिवशी गेली.

आपल्याकडे घटसर्प हा शब्द आता बहुतेकांना त्रिगुणी लशीच्या कार्डावरच भेटतो (गुरांचा घटसर्प वेगळा, त्याचा इथे संबंध नाही). तेव्हा उपाय एकच होता, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष. जंतूंचं विष एकदा पेशींत शिरलं की त्याचा उपयोग नाही, म्हणून ते वेळेत टोचायला हवं. वेल्च यांनी महापौरांना गाठलं, गावात विलगीकरण लावलं आणि 22 तारखेला तारा केल्या: साथ जवळपास अटळ आहे, दहा लाख युनिट तातडीने हवीत.

या घाईमागे आणखी एक आठवण होती. 1918 च्या फ्लूने नोमच्या आसपासच्या आदिवासी वस्त्यांत निम्म्याच्या आसपास माणसं नेली होती. ते वेल्च यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

विमान की कुत्री

आता पेच बघा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इस्पितळांतून अकरा लाख युनिट जमली. ती सिअॅटलहून बोटीने अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याला आणि तिथून पुढे आणायची, म्हणजे कित्येक दिवस गेले. तेवढ्यात अँकरेजच्या रेल्वे इस्पितळात डॉ. जॉन बीसन यांना विसरलेली तीन लाख युनिट सापडली. त्यांत साधारण तीसेक रुग्ण भागतील असा अंदाज होता. साथ मोडायला पुरेशी नाहीत, पण बोट येईपर्यंत थोपवायला पुरतील. अँकरेजहून नेनानापर्यंत रेल्वे होती. नेनानापासून नोम 674 मैल, म्हणजे 1,085 किलोमीटर, आणि मध्ये नुसता बर्फ.

वर्तमानपत्रांना विमान हवं होतं, राजकारण्यांनाही. फेअरबँक्समध्ये तीन विमानं होती, पण हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. वैमानिकाची जागा उघडी, इंजिन पाण्याने थंड होणारं, आणि बाहेर उणे 45 सेल्सिअस. कार्ल बेन आयलसनने आदल्या हिवाळ्यात टपालाची काही उड्डाणं करून दाखवली होती, पण तो नेमका या वेळी अलास्कात नव्हता.

गव्हर्नर स्कॉट बोन यांनी कुत्र्यांच्या बाजूने कौल दिला. त्यांना नंतर जुन्या वळणाचा म्हणून टोमणे बसले. मला तो निर्णय अगदी रोकडा वाटतो. विमान कोसळलं असतं तर सगळं औषध गेलं असतं आणि बरोबर माणूसही. घसरगाड्यांच्या साखळीत एखादी गाडी अडली तर जातात काही तास. मागून दुसरी गाडी निघते, वाटेत माणसं राहतात, कुणीतरी शोधायला येतं. वेग कमी, पण तुटली तर जोडता येईल अशी व्यवस्था.

वेल्च यांचा हिशेब होता की अशा थंडीत प्रतिविष वाटेवर सहा दिवसांच्या वर टिकणार नाही. नेहमीच्या टपालाला या रस्त्यावर साधारण 25 दिवस लागत.

टपालाची वाट

हे 25 दिवस सहा दिवसांत कसे बसवायचे? यावर गोष्टी सांगणारे सरळ शूर कुत्र्याकडे वळतात. मी जरा थांबतो, कारण खरं भांडवल इथे आहे.

नेनानापासून ही वाट टानाना नदीच्या काठाने युकॉनला मिळायची, गोठलेल्या युकॉनवरून खाली काल्टागपर्यंत जायची, तिथे नदी सोडून डोंगर ओलांडून उनालाक्लीटला समुद्र गाठायची आणि मग नॉर्टन आखाताला वळसा घालत नोम. शतकाच्या सुरुवातीपासून सरकारी टपालाचे ठेकेदार हिवाळाभर ती चालती ठेवत. बर्फावरची वाट दोन दिवस कुणी गेलं नाही तर बुजते. टपाल जात राहायचं म्हणून वाट राहायची, आणि वाट राहायची म्हणून बाकी सगळे जात.

साधारण दिवसभराच्या मजलेवर एकेक रोडहाउस. लाकडी ओंडक्यांची खोली, मधोमध शेगडी, आढ्याला वाळत टाकलेले मोजे आणि कुत्र्यांचे पट्टे, बाहेर खुंट्यांना कुत्री. आपल्या डाकबंगल्याचाच हा गरीब, धुरकट भाऊ. टपालवाल्याचा मान मोठा. वाटेत समोरून कुणीही येवो, बाजूला व्हायचं ते समोरच्यानेच, टपालाची गाडी थांबायची नाही. रोडहाउसमध्येही शेगडीजवळची जागा टपालवाल्याची.

आणि या सगळ्याच्या मुळाशी मासे. उन्हाळ्यात युकॉनमधून सॅल्मन वर चढतो. प्रवाहाच्या जोरावर आपोआप फिरणारी जाळ्यांची चाकं नदीकाठी लावलेली असत. ती मासा उचलून पेटीत टाकत. मग अख्खं कुटुंब मासे फाडून, काप देऊन मांडवावर वाळवत बसे. एका जातीच्या सॅल्मनला तर कुत्र्याचा सॅल्मन असंच नाव पडलं, कारण तो कुत्र्यांसाठीच वाळवायचा. कोळीवाड्यात आगोटीची सुकी मासळी भरून ठेवतात तशी ही बेगमी, फक्त पावसाळ्याऐवजी हिवाळ्याची आणि निम्म्याहून अधिक चार पायांच्या खाणाऱ्यांसाठी. कामाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक वाळका मासा, थंडी वाढली की वर चरबी. माशांचं वर्ष खराब गेलं की हिवाळ्यात कुत्री कमी करावी लागत, म्हणजे काय करावं लागे ते सांगायला नको.

गाडी हाकणंही बघण्यासारखं. लगाम नाही, कासरा नाही. मधून एक लांब दोर, त्याला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने कुत्री, सगळ्यांत पुढे म्होरक्या. गाडीला लागून असलेली जोडी सगळ्यांत दांडगी, कारण वळणावर झटका तिला बसतो. मागे पट्ट्यांवर उभा माणूस. तो ओरडणार ‘जी’, की उजवीकडे; ‘हॉ’, की डावीकडे. बाकी सगळं म्होरक्याच्या डोक्यावर. वादळात माणसाला स्वतःचा हातही दिसत नाही तेव्हा वाट कुत्र्याच्या पायांना कळते: खाली दाबलेला बर्फ लागला तर वाट, भुसभुशीत लागला तर चुकलो. गाडीच्या लाकडांना खिळे नसत, सांधे चामड्याच्या वाद्यांनी बांधलेले. खिळ्याची गाडी उंचसखल बर्फावर फुटते, वाद्यांची लवते.

नेनानाच्या टपाल निरीक्षकाकडे, एडवर्ड वेट्झलर यांच्याकडे, हुकूम आला: वाटेवरचे उत्तम हाकणारे एकेका रोडहाउसवर उभे करा. तारा सुटल्या. त्यांनी नवी फौज उभी केली नाही, आहे तीच वाट, तीच माणसं, तीच कुत्री घेतली. फक्त एकाने शंभर मैल रेटण्याऐवजी प्रत्येकाने सरासरी तीसेक मैल जीव तोडून पळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. आपल्याकडच्या जुन्या डाकेची पद्धत हीच होती.

वीस माणसं

काचेच्या कुप्या गोधडीत गुंडाळून धातूच्या नळकांड्यात घातल्या होत्या. वजन 20 पौंड, म्हणजे नऊ किलो. 27 जानेवारीच्या रात्री गाडी नेनानाला लागली आणि नळकांडं बिल शॅनन या टपालवाल्याच्या हातात पडलं. नऊ कुत्री, बरीचशी कच्ची. वाट घोड्यांच्या खुरांनी उखडलेली, म्हणून त्याने गाडी नदीच्या बर्फावर घातली. तिथे थंडी अधिक. अंगात ऊब राहावी म्हणून तो गाडीबरोबर पळत होता. पहाटे तीनला मिंटोला पोहोचला तेव्हा पारा उणे 62 फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे 52. तोंडाचा काही भाग हिमदंशाने काळा पडला होता. काही तास त्याने शेगडीजवळ नळकांडं उबवलं, स्वतःही ऊब घेतली, आणि तीन कुत्री मागे ठेवून पुढे निघाला.

टोलोव्हानाला एडगर कॅलंड नावाच्या अथाबास्कन आदिवासी तरुणाने नळकांडं घेतलं. तो पुढच्या ठाण्यावर पोहोचला तेव्हा त्याचे हात गाडीच्या दांड्याला चिकटले होते आणि रोडहाउसवाल्याने गरम पाणी ओतून ते सोडवले, असं सांगतात. मग डॅन ग्रीन, जॉनी फोल्जर, सॅम जोसेफ, टायटस निकोलाय, डेव्ह कॉर्निंग, हॅरी पिटका, बिल मॅकार्टी, एडगर नॉलनर, त्याचा भाऊ जॉर्ज. ही नावं मी मुद्दाम एका दमात घेतोय. बहुतेक जण युकॉन-टानानाच्या काठचे आदिवासी, आणि बहुतेकांच्या वाट्याला छापील इतिहासात एवढीच एक ओळ आली आहे.

चार्ली एव्हान्सचा टप्पा तीस मैलांचा. कडाक्याच्या थंडीत कुत्र्याच्या जांघेत केस विरळ असतात तिथे हिमदंश होतो, म्हणून हाकणारे तिथे सशाचं कातडं बांधत. एव्हान्स ते आणायला विसरला. त्याची दोन्ही पुढची कुत्री वाटेत कोसळली. त्याने ती गाडीत टाकली, पट्टा स्वतःच्या खांद्याला अडकवला आणि उरलेल्यांबरोबर गाडी ओढत नुलाटो गाठलं. कुत्री मेली. म्होरक्याचं काम माणसाने केल्याचं उदाहरण या प्रकरणात हे एवढंच.

पुढे टॉमी पॅटसी, जॅकस्क्रू, व्हिक्टर अॅनागिक, आणि समुद्रकाठी मायल्स गोनँगनन, ज्याने आखातावरचं आभाळ बघून सरळ बर्फावरून जायचं सोडलं आणि किनारा धरला. वादळ येतंय हे त्याला कळलं होतं.

सेपाला

लेओनार्ड सेपाला नॉर्वेतून आलेला, नोमच्या खाणकंपनीत कामाला. 1915 ते 1917 सलग तीन वर्षं अलास्काची मोठी शर्यत जिंकलेला. सायबेरियातून आणलेल्या लहानखुऱ्या कुत्र्यांना नोमवाले आधी हसले होते, त्याच कुत्र्यांवर तो जिंकत गेला. त्याचा म्होरक्या टोगो, तेव्हा बारा वर्षांचा. पिलू असताना आजारी आणि खोडकर, म्हणून कुणाला तरी देऊन टाकलेला. तिथे खिडकीची काच फोडून तो परत घरी आला होता.

मूळ बेत असा होता की सेपालाने नोमहून निघून थेट नुलाटोपर्यंत जायचं आणि औषध आणायचं. तो निघाल्यावर बोन यांनी मध्ये आणखी गाड्या घातल्या, आणि हे त्याला कळवायची सोयच नव्हती. शाक्तूलिक गावाबाहेर हेन्री इव्हानॉफ या पुढच्या हाकणाऱ्याची कुत्री रेनडियरच्या वासाने बिथरून दोरांत गुरफटली होती. तो ती सोडवत असताना वादळातून एक गाडी सुसाट येताना दिसली. सेपालाला वाटलं, असेल कुणीतरी अडकलेला, आपल्याला थांबायला वेळ नाही. इव्हानॉफ ओरडत त्याच्यामागे धावला. औषध इथे आहे, माझ्याकडे आहे! ती हाक वाऱ्यात विरली असती तर सेपाला तसाच पुढे निघून गेला असता. एवढी मोठी साखळी आणि तिचा सगळ्यांत कच्चा सांधा कुठला, तर एक न पोहोचलेला निरोप.

तोवर सेपाला नोमपासून 170 मैल आला होता. त्याने तिथेच गाडी वळवली. आखाताला वळसा घालायचा तर वेळ जाणार, सरळ ओलांडायचं तर खाली समुद्र आणि वर वाऱ्याने हलणारा बर्फ. अंधार पडत होता. त्याने आखात धरलं आणि वाट टोगोवर सोडली. रात्री आठच्या सुमारास पलीकडे आयझॅक्स पॉइंटच्या रोडहाउसला पोहोचला. कुत्र्यांना सॅल्मन आणि सीलची चरबी, स्वतःला थोडी झोप, आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा बाहेर. आखातावरचा बर्फ त्यानंतर फुटून समुद्राकडे वाहून गेला.

गोलोविनला त्याने नळकांडं चार्ली ओल्सनला दिलं. औषध घेऊन 91 मैल झाले होते आणि त्याआधी येतानाचे 170. बाकी कुणाचाही टप्पा 53 मैलांच्या वर गेला नाही.

बाल्टो

इकडे नोममध्ये रुग्ण 27 झाले होते, आणि वादळ इतकं वाढलं की वेल्च यांनी साखळी थांबवायचा निरोप फोनवर दिला: उशीर चालेल, औषध वाया जायला नको. निरोप सॉलोमनच्या ठाण्यावर आला. तिथून, ओल्सनकडून नळकांडं घेतलेला गुन्नार कासेन अंधारात ठाणं न दिसताच पुढे निघून गेला. दोन मैलांनंतर त्याच्या लक्षात आलं. कुत्री सेपालाच्याच तबेल्यातली, म्होरक्या बाल्टो. सेपालाच्या लेखी तो ओझ्याचा कुत्रा, म्होरक्या नव्हे. पुढे वाऱ्याच्या एका झोताने गाडी उलटली आणि नळकांडं बर्फात पडलं. कासेनने हातमोजे काढून, उघड्या हातांनी चाचपत ते शोधलं.

पॉइंट सेफ्टीला शेवटची ताजी गाडी होती, पण ती हाकणारा एड रोन झोपला होता. त्याला उठवून कुत्री जुंपण्यात वेळ जाईल म्हणून आपण तसेच निघालो, असं कासेनचं म्हणणं. प्रसिद्धीसाठी त्याने मुद्दाम हाक मारली नाही, असं इतरांचं. माणसाने रात्रभर तसल्या वादळात काढल्यावर त्याच्या डोक्यात वर्तमानपत्रं असतील असं मला वाटत नाही, पण वाद मिटलेला नाही. 2 फेब्रुवारीच्या पहाटे साडेपाचला गाडी नोमच्या मुख्य रस्त्यावर थांबली. साडेपाच दिवस लागले होते. प्रतिविष गोठलेलं, पण एकही कुपी फुटली नव्हती. दुपारपर्यंत ते वितळलं आणि टोचायला सुरुवात झाली.

मागची बाजू

नोंदीतले मृत्यू पाच ते सात. आसपासच्या वस्त्यांत आणखी शंभरेक असावेत, असा वेल्च यांचा अंदाज होता. त्या वस्त्यांत मेलेल्यांची खबर डॉक्टरपर्यंत येतच नव्हती. 21 फेब्रुवारीला विलगीकरण उठलं.

सेंट्रल पार्कमधला पुतळा बाल्टोचा, तो त्याच वर्षी डिसेंबरात उभा राहिला. सगळ्यांत लांब पल्ला टोगोचा, त्यामुळे सेपालाचा संताप समजण्यासारखा आहे. बाल्टोचंही पुढे भलं झालं नाही. दोन वर्षांतच तो आणि त्याचे सोबती लॉस एंजेलिसमधल्या एका फालतू खेळात साखळीला बांधलेले आढळले. क्लीव्हलंडच्या जॉर्ज किंबल यांनी तिथल्या लोकांकडून, शाळकरी मुलांकडूनही, 2,000 डॉलर जमवून त्यांना सोडवलं. 1933 साली बाल्टो तिथेच गेला. टोगो 1929 मध्ये मेन राज्यात गेला, आज तो अलास्कातल्या वासिलाच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे.

दुसरी खेप, ती मोठी अकरा लाख युनिटांची, फेब्रुवारीत आली. तिचा काही भाग विमानाने न्यायचा असं ठरलं होतं. कडाक्यात इंजिनाने दगा दिला आणि विमान उडालंच नाही. मग तीच वाट, तीच रोडहाउसं, पहिल्या खेपेतलेच बरेचसे हाकणारे. 15 फेब्रुवारीला माल नोमला पोहोचला. ती खेप फारशी कुणाच्या लक्षात नाही.

टपाल मग हळूहळू विमानावर गेलं आणि टपाल गेलं तशी वाट बुजली, रोडहाउसं ओस पडली. 1960 च्या दशकात गावोगावी पेट्रोलवरच्या बर्फगाड्या आल्या आणि अंगणातल्या खुंट्या रिकाम्या होऊ लागल्या. 1973 पासून होणारी अँकरेज ते नोम शर्यत त्यानंतरची. तिचा रस्ता औषधाच्या रस्त्याशी युकॉनवर आणि पुढे जुळतो, सुरुवातीला नाही. औषध पोहोचवणाऱ्या वीस जणांपैकी शेवटचा एडगर नॉलनर 1999 साली गेला, 94 वर्षांचा होऊन.

कुत्र्यांवरून जाणारं शेवटचं सरकारी टपाल बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावर, गॅम्बेल आणि सवूंगा या दोन गावांमध्ये, चेस्टर नूंगवूक नेत असे. 1963 साली तेही विमानाकडे गेलं.